कोठीतला टाक

माझं भाषण झालं तेव्हा नाचणगावच्या आमच्या वस्तीत इतक्या टाळ्या पडल्या, की मंडपाच्या निळ्या पताकासुद्धा हलल्या असतील असं मला वाटलं. मी नववीत, पुलगावच्या शाळेत जाते. वस्तीतून तिथे जाणारी पोरगी मी एकटीच, म्हणून जयंतीच्या सभेत मंडळानं मला बोलायला उभं केलं. माझा बा नानाजी मंडळाचा सेक्रेटरी. तो पुढेच सतरंजीवर बसला होता.

बोलता बोलता मला जोर चढला. "दसऱ्याले आपण दीक्षा घेतली, टोपल्या भरभरून देव नदीत सोडले. पण काही घरांत ते अजून लपून बसले हायेत! दूर कायले जाता? माह्याच घरी, ज्वारीच्या कोठीत, माह्या मायनं चांदीचा टाक लपवला हाये!"

लोक हसले, मग टाळ्या. तो अंगठ्याएवढा टाक, मूर्ती उठवलेला देव्हाऱ्यातला पत्रा, मला आठ दिवस आधी सापडला होता, दळणासाठी ज्वारी काढताना, फडक्यात गुंडाळलेला. मी कोणाला विचारलं नाही. भाषणासाठी राखून ठेवला. हे लिहितानाही कान गरम होतात.

माय बायकांतून उठली, पदर ओढला आणि घरी गेली.

घरी मार बसेल असं वाटलं होतं. बा एवढंच म्हणाला, "जेव." मायनं भाकर वाढली, माझ्याकडे न बघता.

सकाळी विहिरीवर शेजारची जिजाबाई लांबूनच ओरडली, "काऊन धुरपता, कोठीतल्या देवाले निवद दाखवला का? का पोरीले इचारून दाखवशीन?" सगळ्या खिदळल्या. मायनं अर्धीच घागर उचलली. त्यानंतर ती विहिरीवर गेलीच नाही. पाणी मी आणू लागले, आणि ते हसणं रोज ऐकू लागले.

तिसऱ्या दिवशी बा गिरणीतून आला. केसांत कापूस तसाच होता. मी म्हटलं, "बा, बायका मायले लय बोलून राह्यल्या. तू सांग ना त्याईले."

"काय सांगू? तू खरं बोलली ना?"

"हो."

"नाई. मायनं नाई ठेवला तो. म्या ठेवला."

बानं केसांतला कापूस झटकला.

"नदीवर टोपलं पालथं केलं, तवा एक म्या मुठीत धरला. तो देव नोहे, पोरी. तुह्या आधी प्रेमदास झाला होता, दोन वर्साचा होऊन गेला. गेलेल्या माणसाचा करतेत तसा, त्याच्या नावाचा टाक हाये तो. त्याचा फोटो नाई, अंगडं नाई, काहीच नाई. माय काही बोलली नाई, पण टोपल्याकडे पाहून राह्यली होती. त्याले हळदकुंकू लागलेलं पाह्यलं तू?"

नव्हतं. टाक काळा पडला होता. ते मला तेव्हाच दिसलं होतं, पण भाषणात बसत नव्हतं.

"रविवारी वंदनेले मीच उभी राहून सांगीन," मी घाईनं म्हटलं. आणि खरं सांगते, पहिलं वाक्य डोक्यात तयारसुद्धा झालं होतं.

"नाई. तू बोलशीन तं लोक पुन्हा टाळ्या वाजवतीन. हे टाळ्यांचं काम नोहे. तू बसजो. ऐकजो."

रविवारी बा उभा राहिला. त्याला बोलता येत नाही. टोपी काढली, पुन्हा घातली. "तो टाक... म्या ठेवला. धुरपतानं नाई. आमच्या प्रेमदासचा हाये. मंडळाले सांगाले पाह्यजे होतं, नाई सांगितलं. चुकी माही."

दीक्षेच्या वेळी सगळ्यांना शपथ देणारा माझा बा मान खाली घालून उभा होता, माझ्यामुळे. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

शेवटी मंडळाचा चिंधू हळूच म्हणाला, "मंग आता त्याचं काय करता, नानाजी?"

"तिले इचार."

माय मागं दाराशी उभी होती. ती आलेली मला माहीतच नव्हतं. "तो कोठीतच राहीन," ती म्हणाली.

जिजाबाई सरकली आणि सतरंजीवर तिला जागा करून दिली.

मी मायची माफी अजून मागितलेली नाही. तोंडाशी येतं आणि भाषणासारखं वाटतं. कोठीतली ज्वारी काढायला ती अजूनही मलाच पाठवते.