पाठमोरे सरांची कॉलर

माणूस कसा आहे हे लोक त्याच्या डोळ्यांत बघून ठरवतात म्हणे. मी कॉलर उलटी करून बघते. कॉलेजच्या मागच्या गल्लीत माझी लाँड्री आहे. शाईचे, रक्ताचे, उलटीचे डाग मी कुणाला काही न विचारता काढून दिलेत. इतकी वर्षं लोकांची घाण हाताळल्यावर आपल्याला आता कशाची किळस येत नाही, असा माझा समज होता. विद्यार्थी आधार कक्ष नावाची खोली पाहिली आणि तो समज गेला.

त्या खोलीत मी गेले ती भाचीसाठी. थोरल्या बहिणीची मुलगी, शिकायला माझ्याकडे राहते. घरात तिला बब्बड म्हणतात; माझ्याहून वीतभर उंच झाली तरी नाव काही सुटत नाही. लहानपणीच्या तापात तिचा डावा कान गेला, उजव्यात निम्मंअर्धं येतं. समोर बसून बोललं तर तिला सगळं कळतं, कळू नये तेसुद्धा. पण कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणारे सर वर्गाकडे तोंड म्हणून करत नाहीत. फळ्याला सांगतात, फळ्यालाच विचारतात, आणि फळ्यानं बरोबर उत्तर दिल्यासारखे पुढे जातात. बब्बडनं त्यांचं नाव पाठमोरे सर ठेवलं होतं. त्यांच्या विषयात ती दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा झाली की नाव कमी, बॅग उचलायची आणि घरी.

"पुढच्या बाकावर बस की," मी म्हटलं होतं.

"बसते. पाठ जवळून दिसते," ती म्हणाली.

कानातलं मशीन आहे तिच्याकडे. पण ते घातलं की सरांबरोबर पंखाही मोठा होतो, बाकंही मोठी होतात, मागच्या मुलाचा खोकलाही. गर्दीत एकाच माणसाचा आवाज वेगळा काढून द्यायची अक्कल त्या मशीनला नाही. म्हणून आम्ही दोघी आधार मागायला आधार कक्षात गेलो.

खोलीत सगळं नवं होतं आणि सगळं प्लास्टिकमध्ये होतं. सोफ्याचं दुकानातलं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. आधी बसून गेलेल्या कुणाचा तरी घाम त्यावर तसाच होता. मी बसले ती चिकटले, आणि उठले तेव्हा जखमेवरची पट्टी ओढावी तसा आवाज झाला. वर गोड वासाचा फवारा मारलेला, खाली बंद खोलीचा कुबटपणा. काही गिऱ्हाइकं न धुतलेल्या शर्टावर अत्तर मारून महिनाभर घालतात आणि मग माझ्याकडे आणून टाकतात. त्या शर्टांना हाच वास येतो.

कक्षाच्या बाईंना मी मनातल्या मनात गोडबाई म्हणू लागले, कारण त्या बोलायला लागल्या की मला पाणी प्यावंसं वाटायचं.

"तू एकटी नाहीस, बेटा," त्या बब्बडला म्हणाल्या. "आम्ही तुझा हात धरलाय."

आणि खरोखरच धरला. क्रीम लावलेला तो ओलसर तळवा तिच्या हातावर ठेवून त्या सकारात्मक राहण्याबद्दल पुष्कळ बोलल्या. मग त्यांनी तिला पाण्याची एक बाटली दिली, आणि ताण आला की दाबायला एक रबरी चेंडू. चेंडूवर हसरं तोंड होतं. दाबलं की डोळे बाहेर यायचे.

बब्बडचं लक्ष मात्र त्यांच्या मागच्या कपाटाकडे होतं. काचेच्या आत एका उघड्या खोक्यात काडेपेटीएवढा माईक होता, शेजारी गळ्यात अडकवायचं मशीन आणि इअरफोन. सगळ्यावर अजून पातळ प्लास्टिक.

"ते काय आहे, मॅडम?"

"ते ना? खूप छान आहे. शिक्षकांनी माईक कॉलरला लावायचा, विद्यार्थ्यानं हे कानात घालायचं. वर्गात कुठेही बसा, फक्त शिक्षकांचा आवाज."

"मग मला मिळेल?"

"अगं, ते वापरायचं नाहीये." गोडबाई थोड्या गडबडल्या. "म्हणजे वापरायचंच आहे. पण असं नाही."

"काचेतून ऐकू येतं का तिला?" मी विचारलं.

त्यांनी मलाही एक चेंडू दिला.

लाँड्रीत परतल्यावर माझ्याकडे इस्त्रीला असलेल्या काकांनी तो चेंडू हातात घेतला, दाबला, डोळे बाहेर आलेले पाहिले आणि म्हणाले, "हा तर महिनाअखेरचा मी."

महिनाभरात कॉलेजची पाहणी करायला एक समिती येणार होती. म्हणून कॉलेजचे सगळे पडदे माझ्याकडे धुवायला आले. आतापर्यंत ते कधी धुतलेच नव्हते. पहिल्या पाण्यातून जे निघालं त्याला चिखल म्हणणं म्हणजे चिखलाचा अपमान. त्याच आठवड्यात गोडबाईंचा फोन आला. आवाजात आणखी एक चमचा साखर.

"बेटाला पाठवा हं. आपल्याला एक लाभार्थी हवीय."

तर अशी माझी भाची लाभार्थी झाली. माईकवरचं प्लास्टिक निघालं. पाठमोरे सरांच्या कॉलरला तो लावला, बब्बडच्या गळ्यात मशीन घातलं, दोघांच्या मध्ये गोडबाई उभ्या राहिल्या आणि फोटो निघाला. फोटोत सर पहिल्यांदाच समोर बघत होते. "फेकून दे ते मशीन," मी म्हटलं. "शो-केसमधली बाहुली केलीय तुझी त्यांनी."

"मावशी, ऐकू येतं गं त्यातून," ती एवढंच म्हणाली.

आणि येत होतंच. समिती येईपर्यंत संच तिच्याकडे राहिला. रोज संध्याकाळी ती लाँड्रीत माझ्यासमोर घड्या घालता घालता त्या दिवसाचा पाठ मला सांगायची. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तिला कळतंय हे कळत होतं. एकदा म्हणाली, "सर विनोद करतात, मावशी. वर्ग का हसतो ते मला इतके दिवस कळायचंच नाही. मी आपली उशिरा हसायचे."

"चांगले असतात?"

"अगदी फालतू." आणि ती इतकी खूश दिसली की मला उगाच नाक पुसावं लागलं.

समितीच्या आदल्या दिवशी मी धुतलेले पडदे घेऊन कॉलेजात गेले. मधली सुट्टी होती. वरांड्यात बब्बड भिंतीला टेकून उभी होती, उजव्या कानात इअरफोन, डावा नेहमीसारखा लोंबत. मला पाहून तिनं तोंडावर बोट ठेवलं आणि तो लोंबता इअरफोन माझ्या कानात घातला.

पाठमोरे सर माईक बंद करायला विसरले होते.

आधी नुसती पावलं ऐकू आली. मग दार. मग जे ऐकू आलं ते मी लिहीत नाही; पुरुषांच्या मुतारीत जे ऐकू येतं तेच. बराच वेळ चाललं. शेवटी एक समाधानाचा हुंकार, आणि घशातून काहीतरी खेचून थुंकल्याचा आवाज. मग पुन्हा दार. मी वाट बघत होते. नळाचा आवाज आलाच नाही.

मग खुर्ची सरकली आणि बिस्किटाचा पुडा फाटला. बिस्कीट, त्याच हातानं. चहात बुडवून. माझ्या कानात ते भिजलं, मोडलं आणि गेलं.

"उद्या समिती गेली की संच परत कपाटात हं, सर," हा आवाज गोडबाईंचा. त्यात साखरेचा कण नव्हता. "वापरून खराब झाला तर पुढच्या वेळी दाखवायचं काय?"

"न्या हो. गळ्यात घंटा बांधल्यासारखं वाटतं मला." चपचप. "आणि खरं सांगू? त्या पोरीला ऐकू येतं. सोयीचं नसतं तेवढंच येत नाही. नापास झालं की असलं काहीतरी निघतं एकेकाचं."

दोघं हसले. हसताना बिस्किटाचा चुरा माईकवर उडाल्याचंही मला ऐकू आलं.

मी पडद्यांचा गठ्ठा खाली टाकला. "थांब. येतेच मी त्यांना धुऊन."

बब्बडनं माझा दंड धरला. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण हाताची पकड घट्ट होती. "तू काय, बोलशील आणि दुकानात जाशील. मला ते सर उद्याही लागणार आहेत. परीक्षेपर्यंत लागणार आहेत."

"अशा माणसाकडून शिकणार तू?"

"आवाज स्वच्छ येतो त्यांचा," ती म्हणाली. "माणूस मी धुवायला घेतलेला नाही."

घंटा झाली. सर मिशीला चुरा घेऊन शिक्षकांच्या खोलीतून बाहेर आले. बब्बड त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा आवाज त्याला नकळत मोठा असतो. सगळा वरांडा ऐकत होता.

"सर, हे बटण मधल्या सुट्टीत असं खाली करायचं असतं. नाहीतर मला ऐकू येत राहतं."

सरांचा हात कॉलरकडे गेला. "काय ऐकू येतं?"

"सगळं, सर."

"सगळं म्हणजे?"

तिनं त्यांच्या हातांकडे पाहिलं. मीही पाहिलं. सरांनी हात खिशात घातले. मागे दारात गोडबाई होत्या, कप हातात तसाच.

"मला हा संच परीक्षेपर्यंत लागेल," बब्बड तशाच मोठ्या आवाजात म्हणाली. "चालेल ना, सर? चालेल ना, मॅडम?"

सर म्हणाले चालेल. गोडबाई म्हणाल्या अगं विचारायचं काय त्यात, बेटा.

त्या रात्री गोडबाईंनी मला फोन केला. इकडचं तिकडचं झालं, पडदे किती सुरेख निघाले तेही झालं. मग म्हणाल्या, "बेटानं नक्की काय काय ऐकलं हो?"

"मला काय कळतंय, बाई? मी लाँड्रीवाली," मी म्हटलं. "पण तिची स्मरणशक्ती फार चांगली आहे."

संच कपाटात परत गेला नाही. सर आता बब्बडशी इतकं मऊ बोलू लागले की मला ती नवी घाण जुनीपेक्षा नकोशी वाटायची. "समजलं का बाळा?" म्हणे. त्यांचे शर्ट माझ्याकडेच येतात. कॉलरच्या आतल्या बाजूला तेलाचा तोच जुना काळा पट्टा, बोट लावलं तर बुळबुळीत. आणि कडेला माईकच्या चिमट्याचे दोन बारीक दात उमटलेले. प्रत्येक शर्टावर. पट्टा मी नाक मुरडत घासून काढायची, आणि ते दात उमटलेत ना, एवढं आधी बघून घ्यायची.

बब्बड तिसऱ्या खेपेला पास झाली. फार नाही, बेतास बात. पुढचा पेपरही पाठमोऱ्यांचाच, म्हणून संच तिच्याकडेच राहिला. आधार कक्षाच्या भिंतीवर तिचा तो फोटो लागला, खाली 'आमचं यश', वर प्लास्टिक. मी म्हटलं, जाऊन फाडून येते. ती म्हणाली, राहू दे, पुढच्या वर्षी पहिल्या वर्षाला एक मुलगा येतोय, त्यालाही कमी ऐकू येतं. फोटो बघून त्याला कळेल तरी की असलं मशीन कॉलेजात आहे.

"आणि पाठमोरे?" मी विचारलं. "बटण बंद करतात का आता?"

"अजून विसरतात." ती चादरीचं दुसरं टोक माझ्याकडे देत होती. "पण हल्ली नळ सोडतात. बराच वेळ."