भिंतीवरची पानगळ

खिडकीबाहेरच्या झाडाचं एकही पान अजून गळलं नव्हतं, पण पहिलीच्या वर्गातल्या भिंतीवर पानगळ लागून आठवडा झाला होता. मोठ्या बाईंचा तसा नियमच होता. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. दर ऋतूला प्रत्येक वर्गाची एक भिंत सजली पाहिजे, आणि ती ऋतू यायच्या आत सजली पाहिजे. ऋतू काय, येईल मागून सावकाश.

या भिंतीने पहिलीच्या बाईंच्या नाकी नऊ आणले होते. उन्हाळ्यात सूर्य कापून कापून कात्रीने अंगठ्याला घट्टा पडला. मग ढगांसाठी कापूस पिंजून झाला. आता तपकिरी कागदाचं हे खोड, त्याच्या फांद्या आणि बोटांना चिकटलेला डिंक, जो जेवतानाही सुटत नव्हता. पानं मुलांनी घरून रंगवून आणायची होती. आली ती पाहिल्यावर कुठलं पान मुलाने रंगवलं आणि कुठलं आईने, हे सांगायला पंचांग नको होतं. एका पानाच्या शिरा चक्क रेशमी दोऱ्याने टाचलेल्या होत्या, आणि ज्याचं पान तो पठ्ठ्या अजून बुटाची नाडी बांधून घ्यायला बाईंपुढे पाय करत होता.

प्रत्येक पानावर मुलाने आपल्या हाताने एक वाक्य लिहायचं, आणि शुक्रवारी आईवडिलांसमोर झाडावरचं आपापलं पान काढून ते वाचायचं आणि परत लावायचं, असा बेत होता. बेत वाईट नव्हता. बाईंचा जीव टांगणीला लागला होता तो भिंगरीमुळे.

भिंगरी एका जागी बसायची नाही, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. सुटी अक्षरं ती धडाधड ओळखायची. पण तीच अक्षरं एका शब्दात शेजारी शेजारी बसली की तिला एकदम परकी वाटायची. फळ्यावरून उतरवून घ्यायला सांगितलं तर मोत्यासारखं उतरवायची, आणि काय लिहिलंस विचारलं तर खिडकीबाहेर बघायची.

"शुक्रवारी वाचलं तर ठीक," मोठ्या बाईंनी सांगून टाकलं होतं. "नाही तर सोमवारपासून बालवर्गात. तिच्यासाठी अख्खा वर्ग खोळंबून ठेवायचा का?"

"मला रोज जेवणानंतर अर्धा तास द्या. फक्त तिच्यासाठी. बाकीच्यांना तुमच्या वर्गात बसवा," बाई म्हणाल्या होत्या.

"अर्धा तास? अहो, तुमची भिंत अजून अर्धी आहे!"

बाईंनी पुन्हा कात्री उचलली. मोठ्या बाईंना भिंतीबद्दल काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. बालवर्गात परत पाठवलेल्या मुलाचं काय होतं, ते पहिलीच्या बाईंनी मागे एकदा पाहिलं होतं. चिमुकल्या खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन बसलेलं ते पोर वाचायला तर शिकलं नाहीच, वर बोलायचंही थांबलं. भिंगरीचं तसं होऊ द्यायचं नव्हतं.

म्हणून मग कात्री चालवता चालवता, डिंक वाळता वाळता, जी पाच-दहा मिनिटं मिळतील त्यात बाई तिला घेऊन बसल्या. अक्षर जोडून झालं, टाळ्या वाजवून झालं, लाडीगोडी झाली, ओरडून झालं. ओरडल्यावर बाईंनाच रडू आलं. आणि बुधवारी त्यांनी हात टेकले आणि ते केलं, जे कुठल्याही शिक्षकाने करू नये आणि जे प्रत्येक शिक्षक कधी ना कधी करतो. त्यांनी वाक्य पाठ करून घेतलं. 'वाऱ्याने एक पान उडाले आणि माझ्या डोक्यावर बसले.' नुसतं पाठ नाही, अभिनयासकट. बोट कुठल्या शब्दाखाली ठेवायचं, कुठे थांबायचं, कुठे जराशी मान वर करायची, सगळं. भिंगरीला तर खेळच मिळाला. तिचं पिवळं पान दिव्याच्या बटणाशेजारी, खालच्या फांदीवर लावलं होतं, म्हणजे शोधायचाही प्रश्न नाही. सरळ बटणापाशी जायचं, पान काढायचं, बोट ठेवायचं, म्हणायचं.

एवढ्यावर निभावलं असतं. पण गुरुवारी शाळा सुटल्यावर मोठ्या बाई भिंत बघून गेल्या. नुसत्या बघून जातील तर त्या मोठ्या बाई कसल्या! त्यांना रंग विस्कळीत वाटले. उजळ पानं वर, गडद पानं खाली, मधे नारिंगी, अशी त्यांनी स्टुलावर चढून सगळी पानं नव्याने लावली. पहिलीच्या बाई तेव्हा घरी भाजी चिरत होत्या.

शुक्रवारी सकाळी बाईंनी भिंत पाहिली आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. पण तोवर आईवडील मुलांच्या बुटक्या बाकांवर गुडघे मोडून बसले होते, आणि दारात मोठ्या बाई उभ्या होत्या, आपल्या कलाकुसरीवर बेहद्द खूश. भिंगरीचे वडील वायरमन. कामावरून तसेच आले होते, खिशात टेस्टर, कोपराला चुना. सगळ्यांत मागे, भिंतीला टेकून उभे राहिले.

एकेक मूल पुढे यायचं आणि आपलं पान शोधायला लागायचं. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी चारदोन पानं वाचून आपलं बरोबर हुडकून काढलं. वेळ गेला, पण आया कौतुकाने हसत राहिल्या.

भिंगरीने मात्र काही शोधलं नाही. तरातरा चालत ती बटणापाशी गेली आणि तिथलं तपकिरी पान काढलं. पिवळं का तपकिरी, याकडे तिचं लक्षच नव्हतं. जागा बरोबर होती ना! तिने बोट ठेवलं, मान वर केली आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, "वाऱ्याने एक पान उडाले..."

पानावर लिहिलं होतं 'झाडाखाली मुंगी झोपली.' तीनच शब्द. ते संपल्यावर भिंगरीचं बोट शांतपणे पुन्हा पहिल्या शब्दावर आलं आणि फिरत राहिलं.

"बाई, ते माझं पान आहे!" पहिल्या बाकावरून एक मुलगी ओरडली. वर्ग तिला वकीलबाई म्हणायचा. "त्याच्यावर मुंगी आहे, मी—"

"शू!" मोठ्या बाई दारातून म्हणाल्या. "कुणी वाचत असताना मधे बोलायचं नसतं."

वकीलबाई हिरमुसून खाली बसली. भिंगरीने वाक्य संपवलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत मोठ्या टाळ्या मागे वाजत होत्या, भिंतीपाशी.

"छान! एका अक्षरावर अडखळली नाही," मोठ्या बाई बाईंच्या कानाशी येऊन म्हणाल्या. "बघा, तुम्ही उगाच अर्ध्या तासाचा हट्ट धरून बसला होता. आता तुम्ही मोकळ्या. पुढच्या भिंतीला बर्फ करायचाय."

आता इकडे आड, तिकडे विहीर. खरं सांगावं तर पोर बालवर्गात, न सांगावं तर पोर वर्गात, पण कायमची अडाणी. बाईंना मोठ्या बाईंचा राग आला, टाळ्यांचा राग आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. तरी त्या हसून "हो" म्हणाल्या.

पालक पांगले. भिंगरीचे वडील मात्र लेकीचा हात धरून थांबले होते.

"बाई, काय बोलू मी? घरी घेऊन बसलो की ही तोंड उघडत नाही. आणि इथे बघा, कशी घडाघडा!" त्यांनी भिंतीकडे वळून एक लाल पान काढलं आणि तिच्या हातात दिलं. "हे पण वाच की बाळा. बाबांसाठी."

भिंगरीने पहिल्या शब्दाखाली नीट बोट ठेवलं. मग बाईंकडे पाहिलं.

"बाई, ह्याच्यावर काय म्हणायचं?"

वडील हसले. "अगं, काय म्हणायचं काय? लिहिलंय ते वाच."

"पण ह्याचं बाईंनी नाही सांगितलं मला."

त्यांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, काढून ठेवायचं कुठे ते न सुचल्यासारखं. 'दमलीये ती' हे शब्द बाईंच्या अगदी जिभेवर आले होते. त्यांनी ते गिळले.

"तिला अजून वाचता येत नाही," त्या म्हणाल्या. "मी पाठ करून घेतलं. मोठ्या बाई तिला बालवर्गात पाठवणार होत्या, म्हणून."

"मग आम्ही टाळ्या कशाला वाजवल्या?"

"भिंतीला," बाई म्हणाल्या. आवाज त्यांना हवा होता त्यापेक्षा चढला.

"बाबा, मी चुकले नाही ना? एक पण शब्द नाही चुकला," भिंगरी म्हणाली.

"नाही चुकलीस तू." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाईंना हळूच विचारलं, "हिला आता सांगायचं कुणी, की वाचणं म्हणजे हे नव्हे?"

तेवढ्यात दारात मोठ्या बाई, दोन्ही हातांत कापसाची गठडी.

"चला बाई, बर्फ आला! आजच पिंजायला घेऊ."

"मी नाही येणार," बाई म्हणाल्या. "भिंगरीने मघाशी वाचलं नाही. पाठ म्हणून दाखवलं, आणि पाठ मी करून घेतलं होतं. मला रोज अर्धा तास हवाय. तो द्यायचा नसेल आणि सोमवारपासून हिला बालवर्गात पाठवायचं असेल, तर मलाही तिथेच पाठवा. तिथल्या खुर्चीत बसते मी हिच्याबरोबर."

"म्हणजे?" मोठ्या बाई म्हणाल्या. कापूस खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नाही.

"म्हणजे बाई माझ्या शेजारी बसणार?" भिंगरीने विचारलं, आणि ती एवढी खूश झाली की वडिलांना तिच्याकडे बघवेना.