रविवारचे थर

जमालचाचांवर मी अधूनमधून चिडायचे. बोटींच्या यार्डाचे हिशेब माझ्याकडे, आणि कारागीर चाचांच्या कामाच्या कार्डावर रोज ठरलेले आठ तास. कमी नाही, जास्त नाही.

भाट्याच्या खाडीकाठी आम्ही संरक्षण खात्यासाठी फायबरची गस्तीची बोट बांधली. तिला खरोखर जेवढे तास लागले, त्यावरून पुढच्या पाच बोटींचा दर ठरायचा होता. जास्त दाखवले तर चोरी. कमी दाखवले तर यार्ड बुडणार आणि बारा माणसं घरी बसणार.

तपासायला मुंबईहून खात्याचे गुरुप्रसाद साहेब आले. कार्डं चाळून म्हणाले, "एवढ्यात झाली? मग पुढच्याही एवढ्यातच करा."

कार्डांवर एकही रविवार नव्हता. दोन महिने चाचा दर रविवारी यार्डात असायचे, मी स्वतः पाहिलं होतं. मी तशीच खाली गेले. साहेबही मागोमाग आले.

"चाचा, रविवार का नाही लिहिलेत?"

चाचांनी हातातला ब्रश खाली ठेवला. "इंजिन आला नि बोटीतल्या त्याच्या बैठकीवर बसंना. मीच माप चुकलो. ती तोडली, मोठी बांधली. माज्या हातची चूक, तिची मजुरी सरकारकडून कशी घ्यायची? बापानं कधी घेतली नाय." मग हळूच म्हणाले, "आता मापाची नजर गेली, बेटी. ही बोट पाण्यात गेली की मी काम थांबवतो."

"रविवारी काम झालं याचा पुरावा?" साहेबांनी विचारलं.

चाचांनी साच्याची फळी दाखवली. फायबरचा प्रत्येक थर कधी लावला, ते सुकण्याच्या हिशेबाने पेन्सिलने लिहायची त्यांची सवय. साहेब गुडघे टेकून वाचत होते. आठ रविवार; पहिले दोन तोडण्याचे, तेही लिहिलेले.

"खरं आहे. पण स्वतःची चूक दुरुस्त करण्याचे तास दरात धरता येत नाहीत," ते म्हणाले. त्यांनाही वाईट वाटलं असावं.

बैठक मोठी बांधली, हे शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. मी वर जाऊन फाइल काढली. इंजिन बदललंय, बैठक मोठी करा, असं खात्याचं पत्र मी नीट पंच करून लावलं होतं. खाली मात्र पाठवलंच नव्हतं. क्षणभर फाइल परत कपाटात ठेवावीशी वाटली, खोटं कशाला सांगू.

"चूक माझी आहे," मी खाली येऊन पत्र पुढे केलं. "चाचांनी जुन्या मापानं बरोबरच बांधलं होतं."

साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. "तोडण्याचे दोन रविवार यार्डाच्या गळ्यात. बांधण्याचे सहा दरात धरतो, मोठी बैठक प्रत्येक बोटीला लागणारच."

यार्ड वाचलं. चाचांना त्याचं काही नव्हतं.

"म्हंजे माजा माप बरोबर होता?"

"बरोबर होतं, चाचा. माफ करा."

त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी खाली ठेवलेला ब्रश उचलला.

"मग पुढच्या पाचही मीच बांधतो," ते म्हणाले.