श्रमिक स्त्री, खाकी कागदावर पेस्टल

अकोल्याच्या प्रदर्शनात प्रियदर्शनीची दोन व्यक्तिचित्रं लागली होती. एक माणिकबाईंचं. त्यांचे यजमान खुशालराव कापसाच्या जिनिंग गिरणीचे मालक आणि प्रदर्शनाचे आयोजकही. त्यांनी परदेशी पेस्टल खडू आणि मखमली कागद मागवून दिला होता, वर रंग जरा उजळ घ्या असंही सुचवलं होतं. प्रियदर्शनीनं बाईंना तीन छटा उजळवलं आणि खडूंची पेटी संपली.

म्हणून आईचं, दुर्गाबाईंचं, चित्र तिनं अमरावतीच्या घरी शाळकरी मुलांच्या खडूंनी काढलं. कागद पुस्तकांना कव्हरं घालायचा, खाकी. आईच्या कपाटात त्याची अख्खी गुंडाळी पडली होती.

चित्रांखालच्या पाट्या आयोजकांनीच केल्या. मखमली कागदाखाली ‘सौ. माणिकबाई खुशालराव’. खाकी कागदाखाली ‘श्रमिक स्त्री’.

पुण्याहून आलेले परीक्षक खाकी कागदापुढून हलेनात. त्याच्या खरखरीतपणात त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांचं शोषण दिसलं. खडू मोडून गालावर ओरखडा उठला होता, तो त्यांना थेट व्यवस्थेचा घाव वाटला. पहिलं बक्षीस यालाच, असं ते बोलूनही गेले. प्रियदर्शनी गप्प राहिली. बक्षिसाला नाही म्हणण्याइतकी ती मोठी कलावंत अजून झाली नव्हती.

दुपारच्या गाडीनं दुर्गाबाई आल्या. कडक इस्त्रीची सुती साडी, चष्मा. पेपर तपासावा तशी त्यांनी पाटी दोनदा वाचली.

“एकतीस वर्षं शिकवलं मी, त्यातली नऊ वर्षं हेडमास्तरीण होती,” त्या शांतपणे म्हणाल्या. “मले मजूर कोणं केलं?”

परीक्षकांनी घाईघाईनं श्रमाच्या प्रतिष्ठेवर दोन वाक्यं ऐकवली.

“मजुरीत कमीपणा नाही. माह्या मायनं जन्मभर केली. पण तिचं चित्र काढलं तरी खाली तिचं नावच लिहा लागते.”

परीक्षकांनी चित्र पुन्हा न्याहाळलं. बाईंना पेन्शन आहे म्हटल्यावर शोषण कागदातून नाहीसं झालं होतं. आता कागद हलका होता आणि ओरखडा ही तंत्रातली चूक. बक्षीस माणिकबाईंच्या चित्राला गेलं, अभिजात तेजासाठी. खुशालरावांनी टाळ्या सर्वांत आधी वाजवल्या.

प्रियदर्शनीनं हार गळ्यात घालून घेतला. आपण सकाळीच बोलायला हवं होतं, हे तिला आतून टोचत होतं. मंचावरून उतरून ती सरळ आईकडे आली आणि पेन मागितलं. ‘श्रमिक स्त्री’वर तिनं रेघ मारली आणि नाव लिहायला घेतलं.

“दु ऱ्हस्व,” दुर्गाबाई मागून म्हणाल्या.