कपाट बोललं की थांबायचं

कपाट बोलते आहे म्हणून दचकू नका, मित्रांनो. मी एक जुने लोखंडी कपाट आहे आणि जन्मापासूनच बोलका आहे. म्हणजे, होतो. ते कसे, तेच सांगायचे आहे.

जयपूरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मला ठोकून-वाकवून घडवले. वरची बिजागरी बसवताना कारागिराचा हात जरा चुकला आणि दार किंचित कलले. त्याने ते दोनदा उघडून पाहिले. दोन्ही वेळा मी "कर्रर्र" केले. "चलेगा," म्हणून त्याने मला हिरवा रंग फासला आणि माझी रवानगी शहरातल्याच सोडाला भागातल्या एका घरी केली.

ते घर नंदकिशोररावांचे. विमा कंपनीतले अधिकारी, बदलीवर आलेले. त्यांची बायको मधुमती मूळची नगरची, आणि लेक वल्लरी तेव्हा एवढीशी. माझ्या पोटात रजया, रेशमी साड्या, डांबरगोळ्या आणि वरच्या खणात लाडवांचा डबा असे. माझे दार नुसते ओढून उघडत नसे. हँडल जरा वर उचलायचे आणि खालच्या कोपऱ्याला पायाने हलकेच रेटायचे, ही मधुमतीची युक्ती. पाय लागला म्हणून ती लगेच मला नमस्कारही करायची. दिवाळीला दाराच्या आतल्या बाजूने कुंकवाचे स्वस्तिक काढायची. काय सांगू, फार लाडात दिवस गेले माझे.

दुपारी आई आडवी झाली की वल्लरी लाडवांसाठी यायची. युक्ती तीही शिकली होती. पण माझी बिजागरी थोडीच गप्प बसणार! मी करकरलो की आतून हाक यायची, "वल्लरी, कपाट बोललं हं! हात काढ." नंदकिशोरराव तेलाची बाटली घेऊन आले, तर मधुमती त्यांनाच पिटाळायची. "राहू द्या हो. पहारेकरी आहे माझा."

पुढे त्यांची बदली झाली. एवढे लोखंडाचे ओझे गावोगाव कोण वाहणार? ओळखीतले विजयजी तेव्हा जयपुरातच, गोपालपुऱ्यात कोचिंग क्लास काढत होते, त्यांनी मला विकत घेतले.

विजयजींच्या केबिनला खिडकी नाही. छताच्या कोपऱ्यात एक कॅमेरा आहे आणि त्याचा लाल दिवा कायम जळत असतो. माझ्या पोटात आता शिक्षकांची मूळ प्रमाणपत्रे आली. नोकरीवर येणाऱ्या प्रत्येकाकडून विजयजी ती गोड बोलून मागून घेत. "हमारे पास सेफ रहेंगी." मलाही आधी वाटले, चला, जोखमीचे काम मिळाले. पण नोकरी सोडून कुणी थकलेला पगार मागायला आला, की त्याचे कागद काही केल्या बाहेर निघत नसत. "पहले लिख दो कि पूरा हिसाब मिल गया, फिर ले जाओ."

संकल्प सर म्हणून एक होते, भौतिकशास्त्र शिकवायचे. ते असे लिहून द्यायला तयार होईनात. एके दिवशी विजयजी त्यांना म्हणाले, "बैठिए, चाय बोलता हूँ." आणि बाहेर गेले. किल्ली माझ्या दारालाच लटकत राहिली. सरांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग उठले, मला उघडले आणि स्वतःच्या प्रमाणपत्रांचे पाकीट घेतले. तेवढ्यात विजयजी आत आले. चहा नव्हता, हातात मोबाइल होता आणि मोबाइलवर कॅमेऱ्याने टिपलेले सरांचे चित्र. "ऑफिस से कागज़ चुरा रहे थे. पुलिस को दिखाऊँ?" सर काय समजायचे ते समजले. पूर्ण पगार मिळाला असे लिहून, खाली सही करून ते निघून गेले.  तेव्हापासून किल्ली दाराला राहिली की माझ्या अंगावर काटा येतो.

आणि एक दिवस वल्लरी आली, मित्रांनो, शिकूनसवरून मोठी झालेली. नंदकिशोररावांची बदली पुन्हा जयपूरला झाली होती, घर आता शास्त्री नगरात होते. लेकीला नोकरीला लावायला ते स्वतः सोबत आले होते. तिने मूळ प्रमाणपत्रांचे पाकीट दिले आणि हळूच म्हणाली, "बाबा, पावती?"

"अगं, घरचे संबंध आहेत," नंदकिशोरराव म्हणाले. "आपल्याच माणसाकडे पावती कसली मागायची?"

विजयजी हसले. "मेरी बेटी जैसी है." पाकीट माझ्या मधल्या खणात गेले. दार उघडले तेव्हा वल्लरीला आतले पुसट स्वस्तिक दिसले आणि तिचा चेहरा खुलला. मला मात्र रडावेसे वाटले.

पगार आधी उशिरा होऊ लागला, मग थांबलाच. तीन महिने वाट पाहून तिने नोकरी सोडली. एका शाळेत तिची निवड झाली होती, पण महिनाअखेरीपर्यंत मूळ कागद दाखवले नाहीत तर ती जागा दुसऱ्याला जाणार होती. ती येत राहिली आणि विजयजी तारखा देत राहिले. मग एका दुपारी ते म्हणाले, "बैठो बेटी, चाय बोलता हूँ."

किल्ली माझ्या दाराला होती.

वल्लरीने आईला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवून टेबलावर ठेवला. "आई, अंकल बाहेर गेलेत. किल्ली कपाटालाच आहे. मतलब, कागद तर माझेच आहेत ना? घेऊनच येते."

"बघ बाई," मधुमती चाचरत म्हणाली. "मला काही सुचत नाहीये."

वल्लरी उठली. किल्ली फिरवली. हँडल उचलले, पाय खालच्या कोपऱ्याला लावला. तोच ओळखीचा स्पर्श! मी होता नव्हता तेवढा जोर त्या वाकड्या बिजागरीत आणला आणि असा करकरलो की टेबलावरची काच हादरली.

"वल्लरी!" फोनमधून आवाज आला. "कपाट बोललं. हात काढ आधी!"

सवयीने तिचा हात मागे आला. तिने वर पाहिले. लाल दिवा तिच्याकडेच रोखलेला होता. ती खुर्चीत जाऊन बसली, दोन्ही हात मांडीवर घेऊन. पुढच्याच क्षणी विजयजी आत आले. चहा नव्हताच.

"अंकल, कैमरा चालू है ना?" वल्लरीने विचारले. "तो इसी के सामने पूछ रही हूँ. मेरी तीन महीने की सैलरी और मेरे ओरिजिनल कब देंगे? मम्मी भी फ़ोन पर सुन रही हैं."

"कैमरा तो कब से बंद पड़ा है, बेटी."

"फिर बत्ती क्यों जल रही है?"

 ती गेल्यावर विजयजींनी माझे दार हळूहळू उघडले, मिटले, पुन्हा उघडले. कान देऊन ऐकले. दुसऱ्या दिवशी माझ्या बिजागऱ्यांत तेल पडले. थेंबभर नाही, ओघळ पायापर्यंत आले.

वल्लरीच्या वकिलाची नोटीस आली तेव्हा विजयजींनी वल्लरीला बोलावले. आई-वडील दोघेही बरोबर होते. पगाराचा चेक मिळाला, पाकीट मिळाले, महिनाही अजून संपायचा होता. नंदकिशोररावांनी या वेळी मान वर केली नाही. निघताना मधुमती माझ्यापाशी आली. हँडल उचलले, पायाने रेटले आणि तशीच थांबली.

"अगं, हे बोलत नाही आता," ती म्हणाली. मग पाय लागला म्हणून तिने मला नमस्कार केला. मला तिला "जाऊ नकोस" म्हणायचे होते.

मित्रांनो, दुसरी कपाटे तुमच्याकडे तेल मागतील. मागू देत. मी एवढेच मागतो, की आपले मूळ कागद आपल्याच घरी ठेवा, आणि माणूस कितीही घरचा असो, पावती मागायला लाजू नका. सगळ्याच घरांत करकरणारे दार नसते.

वल्लरीच्या जागी सावनी नावाची मुलगी आली. तिचे पाकीट त्याच मधल्या खणात आहे. तिनेही नोकरी सोडली आहे आणि तिचाही पगार थकला आहे. आत्ता ती समोरच्या खुर्चीत बसली आहे. विजयजी चहा सांगायला गेले आहेत. वर लाल दिवा जळतो आहे. ती उठली. तिने किल्ली फिरवली. माझे दार उघडते आहे, आणि माझ्यातून काहीसुद्धा आवाज निघत नाही.