मंडळीचं उत्तर

टाचणीकाकूंनी पुढच्या बाकाची पाठ दोन्ही हातांनी धरली आणि त्या उभ्या राहिल्या.

"माझ्या मुलासाठी," त्या म्हणाल्या. "तुरुंगाच्या दवाखान्यात आहे. फुप्फुसात पाणी झालंय. त्याला उतार पडावा, एवढंच मागणं आहे."

पाळकांनी मान डोलावली आणि मंडळीकडे पाहिलं. आता सगळ्यांनी मिळून म्हणायचं होतं, 'हे प्रभू, आमचं ऐक.' कुणी म्हटलं नाही. मागच्या बाकावर एक लहान मूल खोकलं, त्याच्या आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला. काकू उभ्याच होत्या. पाळकांनी घसा खाकरला, पुस्तकातली खूण उगाच इकडची तिकडे केली आणि हळूच म्हणाले, "बसा काकू."

या ख्रिस्ती देवळाची रीत अशी होती, की रविवारी ज्याला जे मागायचं असेल ते त्याने उभं राहून मागावं आणि बसलेल्यांनी एका आवाजात उत्तर देऊन ते आपलंच करून घ्यावं. मंडळीने उत्तर दिलं, की पाळक ते मागणं शेवटच्या प्रार्थनेत घेत. उत्तर आलं नाही, तर ते मागितलंच नाही असं धरायचं. एकट्याने काय हवं ते घरी माग, देव घरीही आहे. इथे मागायचं ते सगळ्यांनी मिळून, असं जुनी माणसं सांगत. ऐकायला फार छान वाटतं हे. आजवर कुणाचं मागणं असं लोंबकळत राहिलं नव्हतं, म्हणून छान.

आणि खरं सांगायचं, तर मंडळी मंडळी म्हणत ती म्हणजे एकच गळा होता. तो बेकरीवाल्यांचा. पहिला आवाज त्यांचा, मग बाकीच्यांचा. आपण आधी तोंड उघडलं आणि एकटेच पडलो तर काय घ्या, या धाकाने सगळे त्यांच्या मागून म्हणत. पाठीमागे लोक त्यांना भोंगा म्हणत आणि तोंडावर काका. त्या रविवारी भोंगा अंगठ्याच्या नखात वाळलेलं पीठ कोरत बसला होता.

काकू बसल्या. लगेच शाळेतल्या बाई उठल्या.

"माझ्या भाच्याची अक्कलदाढ काढायची आहे उद्या. फार घाबरलाय बिचारा."

"हे प्रभू, आमचं ऐक!" बेकरीवाले म्हणाले आणि त्यांच्यामागून सगळं देऊळ म्हणालं. खिडकीच्या काचा थरथरल्या. अक्कलदाढ थेट देवापर्यंत पोचली.

काकूंना उत्तर का मिळालं नाही, ते सगळ्यांना ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वी काकूंच्या मुलाने दारू पिऊन मालाची गाडी चालवली आणि गाण्याच्या सरावाहून घरी चाललेली बेकरीवाल्यांची मुलगी तिच्याखाली गेली. एकुलती एक होती. मुलाने काही नाकारलं नाही. काकूंनीही कधी त्याची बाजू घेतली नाही. कोर्टात वकील म्हणाला, आईने दोन शब्द बोलावेत, तर त्या उभ्या राहून "त्यानं केलंय" एवढंच बोलल्या आणि बसल्या. त्यांचा शिवणाचा धंदा त्यानंतर निम्म्यावर आला. ओठांत टाचण्या धरून त्या मशीनवर बसत, म्हणून त्यांना टाचणीकाकू हे नाव पडलं होतं. आताशा टाचण्या नसल्या तरी त्यांचे ओठ तसेच घट्ट मिटलेले असत.

उपासना सुटल्यावर धाकटी जाऊ त्यांच्याबरोबर चालू लागली.

"ताई, माझे ओठ हलले होते हं. शप्पथ."

"ओठ माशाचेही हलतात."

"असं काय बोलता? पोरगा त्यांच्याकडे भट्टीवर आहे. त्याच्यावर तर घर चालतं. मी एकटीनं तोंड उघडलं असतं, तर उद्या त्याला घरी बसवला असता."

"एकटीनं कुठं? तू उघडलं असतंस, तर तुझ्या शेजारणीनं उघडलं असतं. कुणीतरी आधी उघडायला लागतं ना."

जावेचं घर पुढच्या गल्लीत होतं, पण ती अलीकडच्याच गल्लीत वळली.

आठवड्यात काकू वेदीवरचं कापड धुऊन इस्त्री करून पाळकांकडे घेऊन गेल्या. ते एक निमित्त. तुरुंगात मुलाने पाळकांचा फोन नंबर दिला होता. आई घरी एकटी असते, काही बरंवाईट झालं तर तिला एकटीला ऐकायला लागू नये, असं त्याने तिथे सांगितलं होतं. दारू पिऊन एका माणसाचा जीव घेणाऱ्याला एवढं कळत होतं.

"फोन आला होता?" काकूंनी विचारलं.

"आला होता. ताप आहे अजून."

"परवा भेटीत त्यानं विचारलं हो. मंडळी काय म्हणाली? जन्मात देवळाची पायरी चढला नाही आणि आता काचेपलीकडून पहिला प्रश्न हा. 'म्हणाले का गं आई?' मी काय सांगू? तुम्हीच म्हणा ना उत्तर. तुमचा आवाज आहे चांगला."

पाळक तरुण होते, वर्षभरापूर्वीच आलेले. ते कापडाच्या घडीवरून हात फिरवत राहिले.

"मागणं पुढं न्यायचं माझं काम, काकू. उत्तर मंडळीचं. मीच मागितलं आणि मीच उत्तर दिलं, तर मग मंडळी कशाला?"

"तेच विचारतेय मी."

पाळक वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर परवडलं असतं, निदान एका बाजूला तरी उभे राहिले असते. राहायला घर देवळाच्या कमिटीचं, पगार कमिटीचा आणि कमिटीचे प्रमुख बेकरीवाले. त्यांनी काकूंना चहा विचारला. काकू नको म्हणाल्या.

तिथून त्या तडक बेकरीत गेल्या. दुपारची भट्टी निवलेली होती. बेकरीवाले एकटेच पीठ मळायच्या परातीच्या कडा खरवडत होते.

"पाव संपलेत," ते वर न बघता म्हणाले.

"पाव नकोय."

त्यांनी वर पाहिलं आणि पुन्हा खरवडायला लागले.

"एकदाच म्हणा," काकू म्हणाल्या. "त्याला सोडा म्हणत नाही. माफ करा म्हणत नाही. त्यानं केलं, तो भोगतोय. पण आता तो काही फार दिवसांचा नाही. मला दिसतंय ते. त्याला एवढंच सांगायचंय, की सगळे म्हणाले. मनात नसलं तरी म्हणा. तोंडदेखलं म्हणा, मला चालेल."

"मला चालणार नाही." त्यांनी उलथनं खाली ठेवलं. "देवाच्या घरात मी तोंडदेखलं कधी बोललो नाही, काकू. मुलीला पुरताना 'तुझ्या मनासारखं होवो' म्हणायची वेळ आली, तेव्हाही गप्प राहिलो. देवाच्या मनासारखं झालं म्हणे! माझ्या नव्हतं ना झालं. लोक बघत राहिले, तरी नाही बोललो. ज्या दिवशी तुमच्या मुलासाठी मनातून येईल, त्या दिवशी म्हणेन. कुणी सांगायला लागणार नाही."

"कधी येईल?"

"ते माझ्या हातात आहे का?"

काकूंना त्यांचा राग आला नाही, हीच पंचाईत. राग आला असता, तर घरी जाऊन भांडी आपटून मोकळ्या झाल्या असत्या. पण गायनाचा झगा शिवताना त्या मुलीची मापं काकूंनीच घेतली होती. टेप काखेत गेली, की तिला गुदगुल्या व्हायच्या. माप चुकेल गं, नीट उभी राहा, म्हणून काकू ओरडायच्या आणि ती आणखी हसायची. त्या बेकरीतून बाहेर पडल्या.

पुढच्या रविवारी त्या उभ्या राहिल्या. त्याच्या पुढच्याही. पाळक म्हणायचे, "बसा काकू," आणि त्या बसायच्या. मुलगा भेटीत विचारायचा, "म्हणाले का?" त्या म्हणायच्या, "अजून नाही रे." खोटं बोलल्या असत्या तर कुणाचं काय जाणार होतं? पण या बाबतीत त्यांना खोटं बोलवेना.

मग तो रविवार आला. देवळाच्या दारातच त्यांना काहीतरी बदललेलं जाणवलं. दोघीजणींनी पुढे होऊन त्यांचा हात धरला. शाळेतल्या बाईंनी आपली पिशवी उचलून शेजारी जागा करून दिली, पार पुढे, दुसऱ्या बाकावर. जावेचे डोळे लाल होते.

"काय गं?" काकूंनी मागे वळून विचारलं.

"सर्दी झालीय, ताई."

मागण्यांची वेळ आली. काकू उठल्या. सगळे आपल्याकडे बघतायत आणि या वेळी कुणी नजर चुकवत नाहीये, हे त्यांच्या लक्षात आलं.

"माझ्या मुलासाठी. परवा ताप जरा कमी होता म्हणे. तो बरा व्हावा."

पाळकांनी मंडळीकडे पाहिलं नाही. ते पुस्तकात बघत होते. आणि बेकरीवाले उठून उभे राहिले. उत्तरासाठी ते कधीच उभे राहत नसत.

"हे प्रभू, आमचं ऐक!"

मग सगळे म्हणाले. म्हातारे म्हणाले, पोरंसोरं म्हणाली, जाऊ तर तोंडाचा आ करून म्हणाली. असा आवाज त्या देवळात लग्नालाही उठला नव्हता. काकू मटकन बसल्या आणि एकाच वेळी हसायला आणि रडायला लागल्या. शाळेतल्या बाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. शेवटच्या प्रार्थनेत काकूंचं मागणं आलं तेव्हा पाळक अडखळले. "आणि हा मुलगा, प्रभू, तुझ्या हाती," एवढंच म्हणून त्यांनी पान उलटलं.

आमेन झाल्याबरोबर काकू उठून पाळकांच्या मागोमाग आतल्या खोलीत शिरल्या.

"फोन लावा, पाळकसाहेब. रविवारी घेत नाहीत का? घेतील, तुम्ही पाळक आहात सांगा. त्याला निरोप द्यायला सांगा, एकूण एक म्हणाला म्हणावं. बेकरीवाले तर उभे राहिले म्हणावं. माझ्यावर नाही विश्वास ठेवायचा तो, तुमच्यावर ठेवेल."

पाळकांनी फोनवर हात ठेवला, पण उचलला नाही.

"बसा काकू."

"बसते की. आधी लावा."

"काल संध्याकाळी फोन आला होता."

काकूंच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. जायला त्याला थोडा वेळ लागला. त्यांनी खुर्ची चाचपली आणि त्या बसल्या.

"मी लगेच तुमच्याकडे निघणार होतो," पाळक भराभर बोलू लागले. "मग वाटलं, पुरायच्या जागेचं आधी विचारून घ्यावं, म्हणजे तुम्हाला तेवढी तरी काळजी नको. म्हणून बेकरीवाल्यांकडे गेलो. तिथे कमिटीतले दोघंतिघं होते. त्यांच्याकडून मग... सगळ्यांचं म्हणणं पडलं, की उपासना होऊ दे, मग सांगा. तुम्हाला एकदा तरी उत्तर मिळावं, असं सगळ्यांना वाटलं. प्रेमापोटी केलं हो."

"सगळ्यांना ठाऊक होतं?"

"हो."

"माझ्या जावेला?"

पाळकांनी फोनवरचा हात काढून घेतला.

"शुद्धीत होता?" काकूंनी विचारलं.

"होता म्हणे."

"काही विचारलं त्यानं?"

इथे पाळकांनी खोटं बोलायला हवं होतं. सगळा जन्म खरं बोलून काढावा आणि एवढ्यासाठी एक खोटं राखून ठेवावं. तेही त्यांना जमलं नाही.

"विचारलं," ते म्हणाले. "नर्स म्हणाली, मला काही माहीत नाही."

काकू उठल्या. बाहेर कुणीही घरी गेलेलं नव्हतं. दारापासून पायऱ्यांपर्यंत मंडळी दोन्ही बाजूंना उभी होती, माना खाली घालून, आता त्या रडतील आणि आपण त्यांना सावरू, अशा तयारीत. बेकरीवाले दारातच होते. टोपी त्यांच्या हातात होती.

"जागा दिलीय आम्ही," ते म्हणाले. "कबरस्तानात, कुंपणाच्या आत. कुणीही हरकत घेतली नाही."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्या बघण्याने त्यांना आणखी काहीतरी बोलणं भाग पडलं.

"मनापासून म्हटलं मी आज. खोटं नव्हतं त्यात."

"माहीत आहे," काकू म्हणाल्या. "मुलगी गेल्यापासून इतका मोकळा आवाज तुमचा आजच ऐकला."

बेकरीवाल्यांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. काकू पायऱ्या उतरल्या. "ताई," जाऊ म्हणाली, पण तिने पाऊल उचललं नाही. काकू फाटकातून बाहेर पडून दिसेनाशा झाल्या, तरी लोक सवयीने बेकरीवाल्यांकडेच बघत होते. ते हलले नाहीत, म्हणून मग कुणीच हललं नाही.