निनवेचा उपास

दीपमाला खरात रेल्वेच्या ऑफिसात क्लार्क होती. नवरा वारल्यावर तारनाक्याच्या घरात ती आणि सासू सखू अशा दोघीच उरल्या, म्हणून गच्चीवरची खोली तिनं भाड्यानं दिली. योनान हा इराकचा पोरगा फार्मसी शिकायला आला होता, तो तिथं राहायचा आणि यांच्याकडेच जेवायचा. आखातातली लढाई संपून तीन वर्षं होत आली, तरी त्याच्या गावचा फोन लागत नव्हता. इकडे तारनाक्यात गल्लोगल्ली आयएसडीचे पिवळे बोर्ड झळकत होते. लोक अमेरिकेतल्या मुलांशी शेजारच्या खोलीत असल्यासारखे बोलायचे, आणि योनान रिसीव्हर ठेवून परत यायचा.

जानेवारीच्या अखेरीस एका सोमवारी त्यानं जेवणाचं ताट तसंच परत पाठवलं. मंगळवारीही. दीपमाला घाबरली. सखू तर तिच्याही आधी जिना चढून वर गेली.

"क्या हुआ रे बाबा? घरून काही वंगाळ कळलं का?"

सखूची निम्मी मराठी दखनी उर्दू होती आणि योनानलाही तेवढीच तुटकी दखनी येत होती, त्यामुळे दोघांचं छान जमायचं.

"नै अम्मा. रोजा है."

"रमजानला अजून वेळ आहे. आणि तू तर ख्रिस्ती ना रे?"

"ये हमारा है. तीन दिन. पानी भी नक्को."

मग भिंतीला टेकून, ओठ सुकलेले असतानाच, त्यानं आपल्या दखनीत सांगितलं. त्याच्या गावाजवळ निनवे नावाच्या शहराची तटबंदी अजून उभी आहे. फार मोठं आणि फार क्रूर शहर होतं ते. तिथं जाऊन लोकांना बजाव, असं देवानं योना नावाच्या नबीला सांगितलं. योना भ्याला आणि जहाजात बसून उलट्या दिशेनं पळाला. समुद्रात वादळ झालं, माशानं त्याला गिळलं आणि तीन दिवसांनी किनाऱ्यावर आणून टाकलं. मग मात्र तो निनवेच्या रस्त्यांतून ओरडत फिरला, की चाळीस दिवसांत हे शहर उलथणार. ते ऐकून राजा सिंहासनावरून उतरला आणि गोणपाट नेसून राखेत बसला. साऱ्या शहरानं अन्नपाणी सोडलं. गाईगुरांनासुद्धा वैरण घातली नाही.

"मग?" दीपमालानं विचारलं.

"मग देवाला दया आली. शहर वाचलं."

"गुरंसुद्धा?" सखू म्हणाली.

"गुरंसुद्धा, अम्मा."

"किती वर्षं झाली याला?" दीपमालानं विचारलं.

"अडीच हजारांच्या वर."

म्हणजे तथागतांच्याही आधी. दीपमाला त्याच्याजवळ सरकली. "आणि तुम्ही अजून उपास धरता?"

"दरवर्षी. आमचे लोक म्हणतात, ते निनवेचे लोक म्हणजे आम्हीच. माझी आई आत्ता उपाशीच असेल."

बुधवारी संध्याकाळी तो फोन करायला निघाला. त्याला चक्कर येईल या भीतीनं दीपमाला सोबत गेली. बूथ एकनाथरावांचा होता, रेल्वेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांचा. इराकला थेट लाइन नव्हती; मधल्या अम्मानच्या ऑपरेटरनं थांबायला सांगितलं. योनान रिसीव्हर कानाला लावून उभा राहिला, आणि या वेळी पलीकडून उत्तर आलं. फोन गावातल्या चर्चमध्ये लागला होता. उपासाच्या प्रार्थनेला अख्खं गाव तिथंच जमलेलं होतं, त्याच्या आईसकट.

तो बोलू लागला. हसत होता, रडत होता. एकनाथराव नवलानं ऐकत होते.

"अरबी पोरं रोज येतात इथं," ते दीपमालाला हळूच म्हणाले. "ही अरबी नव्हे."

योनाननं रिसीव्हरवर हात ठेवला. "नाही. येशू घरी आईशी बोलायचा ना, त्या भाषेच्या वंशातली ही. आम्ही अजून बोलतो."

एकनाथराव खुर्चीवरून उठून उभेच राहिले.

"आईला तुमच्याशी बोलायचंय," योनान दीपमालाला म्हणाला.

तिनं रिसीव्हर घेतला. खरखरीतून एका बाईचा दमलेला आवाज आला, "शलामा." हा त्यांचा नमस्कार असणार. मागं पुष्कळ माणसं एका सुरात काहीतरी म्हणत होती. वाकळीसारखा जाड, उबदार सूर. हे लोक निनवेच्या त्या दिवसापासून असेच म्हणत आलेत, असं तिला वाटलं.

"जयभीम, बाई," ती म्हणाली. "पोरगा बरा आहे."

पलीकडून ते शब्द जपून, तुटक तुटक परत आले. "जय… भीम." मग लाइन गेली.

वडील जिवंत होते, घर उभं होतं. वाटेत योनान एवढंच पुन्हापुन्हा सांगत राहिला.

घरी सखूनं भाकरी आणि आंबट वरण करून ठेवलं होतं. शेजारी तिचं स्वतःचंही ताट होतं, सकाळपासून कोरडं.

"अहो, तुम्ही कशाला उपाशी राहिलात या वयात?" दीपमाला रागावली.

"गुरांनी धरला म्हणं," सखू म्हणाली. "मला काय धाड भरली होती?"

योनाननं वाकून तिचे पाय धरले. आधी पाणी प्यायला त्यानं तिलाच दिलं. दोघं जेवू लागली. दीपमालानंही ताट वाढून घेतलं, पण कितीतरी वेळ घास तसाच हातात राहिला. कानात फोनवरचा तो सूर अजून चालूच होता.